रोटाच्या रविवारची पार्टी

अजिंठ्याच्या लेण्यांसमोरच्या डोंगरावर जो कठडा आहे, तिथं या श्रावणात मी पुन्हा उभी राहिले. मुलानं गाडी काढली आणि जळगावात ओतलेला चहा निवायच्या आत आम्ही इथं पोचलो. नानाची अॅम्बॅसिडर असती तर एवढ्यात ती फार तर स्टेशनच्या फाटकापर्यंत आली असती, आणि तिथं एखाद्या म्हशीशी तात्त्विक वाद घालत उभी राहिली असती.

खाली वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळून गेलेली. हिरवा रंग असा की कठड्यावर हात टेकवावा आणि बोटं हिरवी होऊन यावीत. ढग अंगावरून चालत जात होते, अगदी "जरा सरका" म्हणत. एक बाई कणसं भाजत होती. कोळसा, जळकी शेंडी, लिंबू-मीठ. आणि त्या वासाच्या पाठीमागून, कुणी बोलावल्यासारखा, जुन्या रेक्झिनचा वास आला. इथं रेक्झिन कुठलं? ती गाडी भंगारात जाऊन इतकी वर्षं झाली की तिच्या लोखंडाचे एव्हाना दोनदा तवे आणि एकदा विळे झाले असतील. पण वासाला भंगारवाला भेटत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. जळगाव स्टेशनाबाहेर त्याची टॅक्सी उभी असायची. जगभरातून माणसं जळगावला उतरायची ती काही जळगाव बघायला नव्हे. उन्हाळ्यात आमच्याकडे कावळ्याची सावलीसुद्धा वितळून डांबराला चिकटायची. ती यायची अजिंठ्याला. जपानी, जर्मन, बंगाली, सगळ्यांना नाना घेऊन जायचा आणि वाटेत असं काही सांगायचा की लेणी बघून ती माणसं जरा निराशच व्हायची. एका जपानी म्हाताऱ्याला त्यानं सांगितलं होतं की ही चित्रं काढणाऱ्या कारागिरांना केळी पुरवली ती आमच्या गावच्या, असोद्याच्या, वाडवडिलांनी, आणि त्यांची उधारी अजून बाकी आहे. म्हाताऱ्यानं गाडीतून उतरताना वाकून नमस्कार केला. खोटं वाटत असेल तर साक्षीदार होते. आता कुणी उरलेलं नाही, एवढीच अडचण.

गाडीचा रंग मुळात पांढरा, पण आमच्या काळ्या मातीनं तिला दत्तक घेतलेलं. पुढची सीट सोफ्यासारखी सलग. आत रेक्झिन, डिझेल, चंदनाची उदबत्ती आणि डिकीत विसरलेला केळ्यांचा घड, असा एकत्र वास. पावसात काचेवरचा वायपर चालायचा नाही. त्याला नानानं सुतळी बांधून ती खिडकीतून आत घेतलेली. पाऊस आला की मी सुतळी ओढायची आणि सोडायची. घाटात पावसाचा जोर वाढला की नाना ओरडायचा, "ओढ व माय, ओढ! डोंगर दिसू दे!" आणि मी ओढली की खरंच डोंगर दिसायचा. कितीतरी दिवस मला वाटत होतं की सातमाळ्याचे डोंगर माझ्या सुतळीनंच ये-जा करतात.

इंदू आत्या नानाची धाकटी बहीण. तिला धुळ्याकडं दिलेली. एका फाल्गुनात ती पत्र्याची पेटी घेऊन असोद्याला आली आणि परत गेली नाही. का, ते कुणी आम्हा मुलांना सांगितलं नाही, आणि मोठ्यांनीही आपसात सांगितलं असेल असं वाटत नाही. तिकडून कुणी न्यायला आलं नाही. धुळ्याहून तिनं आणले ते दोन शब्द. आमच्या बोलीत नसलेले, अहिराणीतले: 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं. आई विचारायची, "भाजीत मीठ टाकलं का व?" आत्या म्हणायची, "टाकेल शे." घर हसायचं. नाना तिला 'धुळेवाली' म्हणायचा. ती म्हणायची, "हास भाऊ, बठ्ठा हास. दात पडतीन तवा समजीन."

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे काहीच कळणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. चौरंगावर नारळ, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं, पुढ्यात दिवे. केळीच्या खुंटांनी सजवलेली ती अशी बघायची की आपण सकाळपासून काय काय केलं ते तिला माहीत आहे. त्या दिवशी रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे, घरीच दळायचे, त्याच्या जाड पोळ्या. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर. दळताना उडालेलं पीठसुद्धा बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि तो रोट खायचा फक्त घरच्यांनी. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही, जिवलग मित्राला नाही. लेक खाते, तिचं लग्न होईपर्यंत. एकदा अक्षता पडल्या की ती त्या घरची. माहेरचा रोट तिला चालत नाही.

आत्या आली त्या वर्षी दिवसभर तिनंच जात्यावर दळलं. चुलीपुढं बसून तिचा चेहरा तांब्याच्या घागरीसारखा झाला होता. संध्याकाळी पानं मांडली. लग्नाआधी बसायची तशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. आबा, म्हणजे नानाचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. ते वाईट माणूस नव्हते. हे मी खोटं सांगत नाहीये, आणि असं मी सहसा म्हणतही नाही.

ते हळूच म्हणाले, "इंदे, तुले नई चालत व बाई. तुहा रोट तिकडच्या घरी."

"हो ना आबा," आत्या म्हणाली, "मी इसरलीच." आणि हसून उठली, दूध उतू जातंय का बघते म्हणाली. दूध चुलीवर नव्हतं. मी परसात गेले तेव्हा ती काटक्या मोडत बसली होती. आधीच मोडलेल्या काटक्या ती आणखी बारीक मोडत होती, पार दात कोरायच्या काड्या होईपर्यंत. आत गंगाफळाच्या भाजीला मोहरीची फोडणी बसली होती, तिचा वास परसापर्यंत आला होता. तिकडच्या घरी, धुळ्याला, त्याच वेळी पानं मांडली असतील. तिथंही तिचं पान नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, कानबाईच्या आदल्या दिवशी, सुपारी कातरत बसलेल्या आबांना नाना म्हणाला, "उद्या मले पार्टी हाये."

टॅक्सीवाले गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. आबांचा अडकित्ता थांबला. "कानबाईच्या दिवशी?"

"परदेशी पार्टी हाये. त्याइले काय कानबाई अन् काय म्हसोबा."

"तुह्या नावाची मूठ टाकाची हाये."

"टाका ना. मी काय मेलो का?"

सकाळी गाडी धुऊन, पुसून, उदबत्ती ओवाळून नानानं ओट्यापुढं लावली. पुढचं दार उघडलं आणि हाक मारली, "इंदे! चाल व लवकर."

आत्या पिठाच्या हातांनी, परात घेऊनच बाहेर आली. "मी? कुठी?"

"अजिंठा."

"अन् तुही पार्टी?"

"पार्टी घरातूनच निंगते हाये. बस."

"काहीबाही बोलतो भाऊ. घरात एवढा सैपाक—"

"सैपाक त्याइले खायाचा हाये, ते करतीन," नाना म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. आई दारात उभी होती. तिनं आत्याच्या हातातली परात घेतली. आबांनी ओट्यावरून बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. गावातले तंटे सोडवून सोडवून ते त्यांना झकास जमायचं. फक्त मी गाडीत चढायला लागले तेव्हा म्हणाले, "पोरीले कशाले नेतो? तिच्या वाट्याचे रोट मोजकेच हायेत."

"वायपर कोन ओढीन?" मी विचारलं. तसाही कारखान्यातून दुसरा कामगार मागवायला वेळ नव्हता.

आत्या पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. लुगड्याचा पदर दोन्ही मुठींत धरून, जणू गाडी नव्हे, विमान. जळगावच्या बाजारातून जाताना तिनं मान खाली घातली, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. नेरी मागं टाकली तेव्हा वर केली. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी, मधे केळीचे बाग, पानांवरून ओघळणारं पाणी, आणि रस्त्यावर कडुनिंबांची अशी दाट कमान की आतून जाताना गाडीतला उजेड हिरवा व्हायचा. ती झाडं आता नाहीत. रस्ता रुंद झाला. मुलगा म्हणतो, "मस्त रोड आहे आई," आणि मीही म्हणते, मस्त आहे. पण त्या रस्त्याला वास होता: ओल्या काळ्या मातीचा, शेणाचा, निंबोळ्या चाकाखाली चिरडल्याचा. आताच्या रस्त्याला फक्त दिशा आहे.

पहूरला नानानं गाडी थांबवली. भज्यांची कढई. आईनं निघताना डबाभर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलेली, तरी नाना म्हणाला, "नई, बाहेरचंच खायाचं. पार्टी हाये ना तू?" कांद्याची भजी वर्तमानपत्रावर. पावसाच्या पागोळ्या पुडक्यात पडाव्यात अशा बेतानं बसलो होतो. आत्यानं एक भजं खाल्लं, मग दुसरं, मग तिनं पुडक्याचा ताबाच घेतला. तिनं तेव्हा सबंध कढई संपवली आणि भजीवाला बेसन आणायला जामनेरला पळाला असं मी नंतर घरी सांगितलं. कढई अर्धीच होती. पण खाताना तिला मी तेवढीच भुकेली बघितली होती.

आणि मग हा कठडा. तेव्हा नुसते दगड रचलेले. नानानं आपला काळा चष्मा आत्याच्या डोळ्यांवर चढवला, खांद्यावरचा रुमाल गळ्याला बांधला आणि सुरू झाला, "मॅडम! धिस रिव्हर, व्हेरी ओल्ड. माय ग्रँडफादर अँड धिस रिव्हर, सेम क्लास. टुगेदर पास, टुगेदर फेल!"

"येस येस," आत्या म्हणाली. काळ्या चष्म्याखाली तिचे दात पहिल्यांदाच एवढे दिसले.

"दॅट माउंटन, मॅडम, फुल सोना. गव्हर्नमेंट नॉट नोइंग."

"येस येस."

"मॅडम, बनाना?"

"नो नो," आत्या म्हणाली, "थँक्यू शे."

नाना असा हसला की ढग जरा बाजूला झाले. मी शपथेवर सांगते, झाले. आत्या पोट धरून दगडावर बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते चष्म्यामुळं दिसेना हे बरं झालं, कारण थोड्या वेळानं हसणं थांबलं तरी ते येतच होतं.

मग ती बराच वेळ खाली बघत राहिली. डोंगराच्या पोटात रांगेनं कोरलेली दारं.

"भाऊ, हे राहात कोन व्हतं इथी?"

"बुद्धाचे साधू. पावसाळाभर राहायचे."

"घरदार सोडेल?"

"बठ्ठं सोडेल," नाना तिच्याच शब्दात म्हणाला.

"मग त्याइले जेवाले कोन द्यायचं?"

नानाजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, आणि बहुतेक ते बनावट असायचं. या वेळी त्यानं खरं सांगितलं. "दारोदार जायचे. जो देईन त्याचं घ्यायचे. कोनी नई म्हनत नसे."

"बरं व्हतं," आत्या म्हणाली.

परत आलो तेव्हा दिवेलागण होऊन पानं उठली होती. कानबाईपुढच्या समयांच्या ज्योती डोलत होत्या. तूप, केळीची पानं, कापूर. आईनं नानाच्या वाट्याचा रोट झाकून ठेवला होता. आत्या दारातच थबकली. नानानं चप्पल काढली, पाय धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मले आता नई चालत."

"का?" आबा.

"बाहेरचं खाल्लं ना. बाहेरचं पोटात असलं की रोट चालत नई. धरणगावच्या भगतानं सांगितलं. एकानं खाल्ला, त त्याची जीभ महिनाभर उलटी फिरायची. 'पाणी द्या' म्हनायचा, त 'णीपा' निंगायचं."

असा भगत धरणगावात नव्हता, पृथ्वीवर नव्हता. पण कानबाई समोर बसलेली, समया लुकलुकणाऱ्या. कुणाची छाती व्हायची खोटं म्हणायची? त्या दिवशी पंक्तीबाहेर एकटी आत्या नव्हती. आत्या, नाना आणि मी, तिघं परसात बसून दशम्या खाल्ल्या. आणि गंमत बघा. नानाची ती थाप घरात रुजली, मग गल्लीत, मग भाऊबंदांत. आता आमच्याकडे रोटाच्या रविवारी कुणी बाहेरचं खात नाही. 'पहिल्यापासून आहे' म्हणतात. नानानं आयुष्यात हजार थापा मारल्या, त्यातली एक देवाच्या नियमांत जाऊन बसली.

मग दर श्रावणात पार्टी निघू लागली. एका वर्षी पाऊस इतका की वाघूर गाडीच्या टपावरून गेली (बरं, चाकांपर्यंत). एका वर्षी आत्यानं बांगड्या भरल्या, फर्दापूरला, हिरव्या. एका वर्षी काहीच घडलं नाही, आम्ही नुसते कठड्यावर बसलो आणि ती जात्यावरची गाणी म्हणत राहिली. मला रोटाची चव नीटशी आठवत नाही. पहूरच्या भज्यांची आठवते.

जळगावात पिवळे एसटीडी बूथ उगवले तेव्हाची गोष्ट. स्टेशनावर नव्या मोठ्या जीपगाड्या आल्या, त्यांत दहा माणसं बसायची. अॅम्बॅसिडरकडे कुणी बघेना. एका उन्हाळ्यात नानानं ती विकली. ती ढकलत नेली तेव्हा तो पाठमोरा, केळीच्या पानाला पडलेल्या चिरा मोजत उभा होता. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, साताऱ्याकडं. म्हणजे तो श्रावण माझा शेवटच्या रोटाचा.

सकाळी आबा मुठी टाकायला बसले. नावं घेत घेत गहू सुपात टाकत होते. सगळी नावं झाली. मग त्यांनी पोत्यात पुन्हा हात घातला.

"ही कोनाची?" आईनं विचारलं.

"इंदीची," आबा सुपाकडे बघत म्हणाले.

पुरुषांच्या मुठी असतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीची मूठ आमच्या घराण्यात कुणी टाकली नव्हती. आई उभीच राहिली. जातं थांबलं. जात्यावर आत्याच होती. क्षणभरानं जातं पुन्हा सुरू झालं, अगदी पहिल्याच गतीनं.

संध्याकाळी आबांनी स्वतः हाक मारली. "इंदे, ये व. तुहं पान मांडलं हाये."

ती आली, पदराला हात पुसत, आणि उंबऱ्यापाशी थांबली. माझ्या शेजारचं पान तिचं. त्यावर रोट, भाजी, खिरीची वाटी. तिनं ते नीट बघून घेतलं, बाजारात साडी बघतात तसं.

"आबा," ती म्हणाली, "मले नई चालत. मी बाहेरचं खाल्लं शे."

दिवसभर ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. हे आबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, समोर बसलेल्या कानबाईला माहीत होतं. नानानं रोट मोडला होता. मोडलेला रोट टाकून उठता येत नाही. घास हातात धरून तो तसाच बसला. मी माझा शेवटचा रोट खाल्ला. खाल्ला म्हणजे गिळला.

नंतर परसात मी तिला विचारलं, का गं असं? ती भांड्यांना राख लावत होती. म्हणाली, "उशिरा वाढेल अंगी लागत नई व पोरी." आणि मला पाणी ओतायला सांगितलं.

पुढच्या चैत्रात ती गेली. मी सासरी होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आबा गेले, मग नाना. पण ती मूठ चालू आहे. माझा भाऊ टाकतो, सगळी नावं झाली की शेवटी, 'इंदू आत्या' म्हणून. जिवंतपणी ज्या पानावर ती बसली नाही ते पान आता दर वर्षी तिचं असतं. मेल्यावर ती पक्की घरची झाली.

परवा वहिनीचा फोन आला होता. ती फार चांगली आहे, तिच्याबद्दल मला काडीचं म्हणायचं नाही. "ताई, येताय ना? फक्त रविवारी नको हं. सोमवारी कानबाई बोळवली की या. तुमच्या आवडीचं करते." मी म्हटलं, अगं, मला ठाऊक नाही का? साताऱ्याकडं कानबाई नाही. तिथं माझ्या वाट्याचा रोट कधीच नव्हता.

आज रविवार. म्हणून आम्ही इथं. मुलाला वाटतंय, आईला लेणी बघायची होती.

ढग खाली उतरला आणि दरी पुसली गेली. नदी नाही, दारं नाहीत, नुसता पांढरा ओलावा. मी कठड्यावरचा हात काढला. मुलगा कणीस संपवून जवळ आला.

"चल आई, अजून वेळ आहे. इथून तासाभरात असोद्याला जाऊ. मामाकडेच जेवू."

"उद्या जायचंय."

"आज का नाही?"

मी नानाची लेक. माझ्याजवळ अशा वेळी काढायला सात तऱ्हेच्या थापा असतात. मी शोधल्या.

"आज तिथं घरची माणसं जेवतात," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि किल्ली फिरवत गाडीकडे चालायला लागला. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.